तारांवरचा हात

मला गोष्टी रचता येत नाहीत. शाळेत निबंधसुद्धा मी शेजारणीच्या वहीत बघून लिहायचे. तेव्हा खाली जे लिहिलंय ते जसं घडलं तसं आहे. बरंचसं माझ्या सख्ख्या मामांनी, अंबादासमामांनी स्वतः सांगितलेलं. शेवटचं मात्र माझ्यासमोर घडलेलं.

साल २००४. ऑक्टोबर महिना. कोल्हापूर, राजारामपुरीतली सातवी गल्ली.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती.

शनिवारची भर दुपार होती. समोरच्या क्लासमध्ये गणिताचा तास चालू होता, रिक्षावाले कोपऱ्यावर भांडत होते, आणि मामा आपल्या दुकानात एका बिघडलेल्या टेपरेकॉर्डरला शिव्या घालत बसले होते.

मामांचं दुकान म्हणजे एक खोली. रेडिओ, टेप आणि ॲम्प्लिफायरची दुरुस्ती. पण एके काळी हेच मामा ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी ॲम्प्लिफायर बनवायचे. नुसते दुरुस्त नाही, स्वतःच्या हातानं बनवायचे. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचे, स्पीकरची खोकी प्लायवूड कापून स्वतः ठोकायचे. कुणाची बेस गिटार त्यावर लावली की दुकानाचं शटर थरथरायचं आणि मागच्या घरातून लीलामामी ओरडायची.

१९९६ नंतर त्यांनी एकही ॲम्प बनवला नाही.

कारण मामांच्या ॲम्पनं एक माणूस मेला होता.

निदान आठ वर्षं मामा तसंच समजत होते.

त्या माणसाचं नाव संगमेश. बाळासोच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. गाव सीमेवरचं, बोलणं निम्मं कानडी. मामांना अण्णा म्हणायचा आणि सख्ख्या भावासारखा घरात वावरायचा. मामांनी त्याच्यासाठी १९९३ साली एक ॲम्प बनवला होता, आपल्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. तो देताना त्याला समोर बसवून एकच गोष्ट दहादा बजावली होती. काही झालं तरी अर्थिंगची वायर कुणाला तोडू द्यायची नाही.

आता हे नीट सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही.

ऑर्केस्ट्रात दहा यंत्रं एकत्र जोडली की खोक्यातून एक बारीक आवाज येत राहतो. घूं… असा. दुरुस्तीवाले त्याला हम म्हणतात. हम घालवायचा खरा उपाय वेळखाऊ असतो. खोटा उपाय एका मिनिटाचा. प्लग उघडायचा, आतली हिरवी वायर कापायची, प्लग बंद करायचा. हम गेला. पण ती हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. ॲम्पमध्ये कुठं करंट उतरला तर तो तिच्यातून जमिनीत जातो. ती नसली तर करंट पत्र्यात उतरून थांबतो, गिटारच्या तारांत थांबतो… आणि माणसाची वाट बघतो.

फेब्रुवारी १९९६. एका गावच्या यात्रेतला कार्यक्रम. संध्याकाळचे सात. तिसऱ्या गाण्याला संगमेशनं एका हातात तारा धरल्या आणि दुसऱ्या हातानं माइकचा दांडा जवळ ओढला.

तो खाली पडला तेव्हा लोकांना वाटलं, नाचतोय.

दुसऱ्या दिवशी बाळासो मामांकडे आला. शटर अर्धं ओढून घेतलं. सांगितलं की ॲम्पच्या आतली अर्थिंगची वायर सुटली होती, मामांनी आवळलेला नट ढिला होता. म्हणाला, पोलीस यायच्या आत मी तो आवळून ठेवला, माझ्या तोंडातून हे कधी बाहेर पडणार नाही. ॲम्प पोलिसांनी नेला, आता तो भंगारातच जाणार.

मामा त्याच्या पाया पडले.

हो, पाया पडले. बाळासो त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होता. आणि पुढं आठ वर्षं बाळासोनं कधीही हाक मारावी, मामा जेवणावरून उठून जायचे. त्यानं आपल्याला वाचवलं, हे ते एक दिवस विसरले नाहीत. संगमेशच्या बायकोच्या, दानेश्वरीच्या दारात मात्र त्यांनी पाऊल टाकलं नाही. कुठल्या तोंडानं जायचं?

तर त्या शनिवारी दुकानासमोर टेम्पो थांबला. सयाजी उतरला. बाळासोच्या ऑर्केस्ट्रातला नवा बेसवाला. बाळासो कार्यक्रम ठरवायला बेळगावला गेला होता, आणि सयाजीनं त्याच्या माघारी गोडाऊन धुंडाळून मागं ताडपत्रीखाली पडलेला एक जुना सेट बाहेर काढला होता. ॲम्प, स्पीकरचं खोकं आणि एक बेस गिटार. ॲम्पवर आणि खोक्यावर नवं लाल रेक्झिन चढवलेलं.

तक्रार काय, तर हम येतो.

मामा म्हणाले, जुना सेट आहे, येणारच.

सयाजी घुटमळला. म्हणाला, "येतोय त्याचं काय न्हाय ओ मामा. पण मधेच जातोय. आपोआप. ते मला बरं वाटंना."

मामा हसले. लूज कॉन्टॅक्ट, दुसरं काय. ठेवून जा म्हणाले.

सयाजी गेला. मामांनी गिटार स्टँडवर उभी केली, ती ॲम्पला जोडणारी कॉर्ड लावली, ॲम्प चालू केला.

घूं…

मामा चहा ओतायला वळले.

आणि हम थांबला.

मामांनी मागं बघितलं. ॲम्पचा लाल दिवा चालू होता. कॉर्ड जागेवर होती. गिटार स्टँडवर होती.

थोड्या वेळानं परत… घूं…

त्यांनी ॲम्प बंद करून कॉर्ड बदलली. सॉकेट साफ केलं. सगळी बटणं फिरवून बघितली. कुठंही खरखर नाही, कुठंही लूज नाही. हम यायचा, मिनिटभर राहायचा आणि एकदम जायचा. हळूहळू नाही. एकदम.

मामांना घाम फुटला तो इथं.

बेस गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारा. गिटार नुसती उभी असली की असा हम येतो. वाजवणाऱ्यानं तारांवर हात ठेवला की तो त्याच क्षणी थांबतो. हात उचलला की परत येतो. यात भुताचं काही नाही, माणसाचं अंगच तो आवाज पिऊन टाकतं.

पण त्यासाठी हात लागतो.

माणसाचा हात.

दुकानात मामांशिवाय कुणी नव्हतं.

मामा उठले. स्वतः हात लावून बघावं म्हणून गिटारजवळ गेले. हम चालू होता. बोटं तारांपासून चार अंगुळं लांब असतील…

हम थांबला.

त्यांनी हात मागं घेतला. हम आला. परत हात पुढं केला. बोटं पोचायच्या आधीच… शांतता. जणू त्यांच्या आधी कुणीतरी हात ठेवत होतं. जागा अडवत होतं.

मामांनी मेन बटण बंद केलं आणि बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. पण दुरुस्तीवाल्याचा जीव, तो असा गप बसतो होय? शेवटी त्यांनी पेचकस घेतला आणि ॲम्पचं झाकण उघडलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं होतं. ‘अंबादास. ७ मार्च ९३. संगूसाठी.’

भंगारात गेलेला ॲम्प.

आठ वर्षं बाळासोच्या गोडाऊनमध्ये होता.

मामांनी बॅटरी आत धरली. त्यांना बघायचा होता तो एकच नट. अर्थिंगचा. आणि इथं मामांची एक सवय सांगायला पाहिजे, जिच्यावरून मामीनं त्यांना आयुष्यभर बोल लावले. अर्थिंगचा नट आवळून झाला की ते त्यावर मामीची लाल नेलपॉलिश लावायचे. पॉलिश वाळली की नट हलत नाही. आणि कुणी हलवलाच, तर पॉलिशला तडा जातो. लपवता येत नाही.

नटावर पॉलिश होती.

सलग. कुठंही तडा नाही. १९९३ पासून त्या नटाला कुणीही हात लावला नव्हता.

मग बाळासोनं आवळला तो कुठला नट?

मामांनी प्लग उघडला. हिरवी वायर आत कापलेली. टोक मागं दुमडून काळी टेप गुंडाळलेली, व्यवस्थित, दोन वेढे.

भिंतीतल्या बोर्डाकडं आणि त्या प्लगकडं बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की आपण हाच प्लग लावून दुपारभर बसलो होतो. त्यांनी तो तसाच मिटवून परत लावला, ॲम्प चालू केला आणि लांबून टेस्टर तारांना टेकवला.

टेस्टर पेटला.

तारांमध्ये करंट होता. तोच, आठ वर्षांपूर्वीचा बिघाड. मामांची बोटं त्या तारांपासून चार अंगुळं लांब असताना…

मामा मला सांगत होते तेव्हा इथं थांबले होते. म्हणाले, "त्यानं मला हात लावू दिला न्हाई, भैरवी. संगूनं."

त्या संध्याकाळी मामा रडले. मामीला वाटलं, दुखतंय कुठंतरी. आठ वर्षांचं ओझं उतरलं होतं हो. आपला नट ढिला नव्हता. आपण मित्राला मारलं नव्हतं. आणि तो मित्र इतक्या वर्षांनी आपल्याला वाचवायला आला होता. दुःख कुठलं आणि आनंद कुठला, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. राग मात्र रविवारी सकाळी आला, आणि तो दिवसभर उतरला नाही. ज्याच्या आपण पाया पडलो, तोच.

मामांनी ॲम्पमधला बिघाड काढला. नवा प्लग लावला, नवी हिरवी वायर जोडली. आता तारांमध्ये करंट नव्हता. पण हम होता. आणि तो थांबणं होतं.

आता मामांना त्याची भीती वाटत नव्हती. हम थांबला की ते काम करता करता म्हणायचे, "आलास? बस."

सोमवारी बाळासो आला. बाजार बंद होता, गल्ली सामसूम होती. सयाजीनं सेट कुठं नेलाय हे कळल्यावर तो बेळगावहून थेट आला असावा, कारण चेहऱ्यावर धूळ तशीच होती. ॲम्प चालूच होता. घूं… मामांनी कापलेली वायर त्याच्यासमोर ठेवली.

बाळासो वायरकडं बघत उभा राहिला.

आणि हम थांबला.

या वेळी तो परत आला नाही. दोघं बोलत होते तेवढा वेळ दुकानात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता होती. कुणीतरी तारांवर हात ठेवून ऐकत होतं.

बाळासोनं आढेवेढे घेतले नाहीत, हे एक त्याचं मान्य करायला हवं. खाली बसला. म्हणाला, "हम येत हुता. निवेदकाचं बोलणं कुणाला ऐकू जाईना. मी तोडली वायर. सगळेच तोडत्यात की."

"आणि माझा नट ढिला हुता म्हणून का सांगितलंस?"

"कुणाचं तरी नाव लागणारच हुतं, अंबादासा. तू सोसणारा हाईस. मला सोसलं नसतं."

मामांना वाटलं, याच्या कानाखाली द्यावी. हात उठला नाही. आठ वर्षं ज्याच्या हाकेला धावत गेले, त्याला मारायचं शरीरालाच ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बसेना. संगमेश असा वायर तोडू देणारा नव्हता. एकदा साताऱ्याकडच्या कार्यक्रमात तो प्लगवर हात ठेवून अडून बसला होता, पडदा अर्धा तास उशिरा वर गेला, पण त्यानं वायर तोडू दिली नव्हती. मग त्या दिवशी कशी तोडू दिली?

मामांनी विचारलं.

बाळासोनं ती कापलेली वायर बोटांत घेतली. मग खाली बघत बोलला.

"तोडू देत न्हवताच त्यो. पब्लिक ओरडाय लागलं. मग म्हणलं, अण्णाला एसटीडीवरनं फोन लावलाय, अण्णाच म्हणालाय तोडा म्हणून." वायर खाली ठेवत म्हणाला, "तुझं नाव काढल्यावर मग त्यो गप बसला. तोडताना बॅटरीबी त्यानंच धरली."

मामांनी मान वर करून गिटारकडं बघितलं.

दुकानात शांतताच होती.

मग… घूं…

हम परत आला.

हात उचलला गेला होता.

बाळासो उठून गेला. शटरखालून वाकून बाहेर पडताना त्यानं एकदा गिटारकडं बघितलं, बहुतेक त्यालाही काहीतरी जाणवलं असावं. त्यानंतर तो त्या गल्लीत कधी आला नाही. त्याचा ऑर्केस्ट्रा अजून चार-पाच वर्षं जोरात चालला. त्याला काही झालं नाही. अशा माणसांना काही होत नाही.

मामा मात्र तिथंच बसून होते. एवढा वेळ त्यांना वाटत होतं, आपण सुटलो. आणि आता कळत होतं की मरताना संगमेशच्या डोक्यात एकच गोष्ट असणार. अण्णानं सांगितलं होतं म्हणून मी तोडू दिली.

ते गिटारकडं तोंड करून म्हणाले, "संगू, मी न्हाई सांगितलं. मला फोन आलाच न्हवता."

हम चालू राहिला.

"संगू…"

हम थांबला नाही.

पुढच्या आठवड्यात मामा संगमेशच्या, गडहिंग्लजकडच्या गावी गेले. दानेश्वरीनं आत घेतलं, पाणी दिलं. मामांनी सगळं सांगितलं. ती चुलीजवळ बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमचं नाव ऐकूनच ते गप बसलं, असं धा जणांनी सांगिटलं मला तवाच. आठ वर्सात तुमी एकदाबी आला न्हाईसा, अण्णा. मग मी काय समजू?"

मामांना वाटत होतं, शरमेनं आपणच तिच्या दारात जात नाही. तिच्या लेखी मात्र ते गुन्हेगाराचं तोंड लपवणं होतं. तिनं मामांवर विश्वास ठेवला का? मामा म्हणायचे, तिनं चहा दिला. एवढंच म्हणायचे.

सेट मामांनी परत दिला नाही, आणि बाळासोनं मागितला नाही. तो घरी पुढच्या खोलीत आला. मामा त्याची निगा देवघरासारखी ठेवायचे. धूळ पुसायचे, सॉकेट साफ करायचे, वर्षातून एकदा तारा बदलायचे. आणि रोज संध्याकाळी पाच मिनिटं ॲम्प चालू करून तेच वाक्य म्हणायचे. संगू, मी न्हाई सांगितलं. मग कान देऊन बसायचे. पाच मिनिटं झाली की बंद करून उठायचे.

मामी आधी ओरडायची. नंतर ओरडणं सोडलं तिनं, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

चार वर्षं हम एकदाही थांबला नाही.

आता माझ्यासमोर घडलेलं.

२००८ ची दिवाळी. मी माहेरपणाला कोल्हापुरात आले होते आणि मामांकडे गेले होते. मामा पार खंगले होते, दम्यानं बोलणं तुटक झालं होतं. संध्याकाळी त्यांना पुढच्या खोलीत यायचं त्राण नव्हतं. मला म्हणाले, तू जरा चालू कर ग. मी चालू केला. आतून मामांनी आपलं वाक्य म्हटलं, दर दोन शब्दांनी श्वास घेत. मी त्या खोलीत एकटी उभी होते.

घूं…

घूं…

मला ते बघवेना. एका चांगल्या माणसानं रोज दाराशी उभं राहून हाका मारायच्या आणि आतून कडी निघू नये, असं काहीतरी वाटलं. आणि मी एक गोष्ट केली. ती बरोबर केली की चूक, ते तुम्ही ठरवा.

मी हळूच हात पुढं केला आणि तारांवर ठेवला.

हम थांबला. थांबणारच होता. माणसाचा हात लागला होता.

आतून कॉट करकरली. ज्याला उठवत नव्हतं तो माणूस भिंत धरत धरत यायला लागला. मी चटकन हात काढून घेतला आणि मागं लपवला. म्हटलं, आता हम परत येणार आणि मामांना कळणार…

मामा दारात आले.

"थांबला? भैरवी, ऐकलं त्यानं?"

मी "हो" म्हणाले.

मामा चौकटीला डोकं टेकून रडले. लहान मुलासारखे, आवाज करून. मग मामीला हाका मारायला लागले. पंधरा दिवसांनी ते गेले, आणि मामी म्हणते, बारा वर्षांत इतकं शांत झोपलेलं तिनं त्यांना बघितलं नव्हतं.

लोक म्हणतील, भैरवीनं मरणाऱ्या माणसाला फसवलं. मीही स्वतःला तेच म्हणते. मामांना आयुष्यभर माणसांनीच फसवलं, आणि शेवटचा हात माझा.

फक्त एक गोष्ट मी मामीलाही सांगितलेली नाही.

मी हात काढून घेतला होता. मामा दारात यायच्या आधी. माझा हात पाठीमागं होता, गिटारपासून दोन हात लांब. ॲम्पचा लाल दिवा चालू होता, कॉर्ड जागेवर होती.

मामा रडत होते, तेवढा सगळा वेळ…

हम परत आला नव्हता.